मास्तरांनी थोडे थांबावे

मागच्या महिन्यात शिक्षकांच्या एका लहानशा शिबिरात बोलण्याचा प्रसंग आला. प्राथमिक आणि त्यापुढच्या सहावी-सातवी-आठवीच्या वर्गांना शिकवणारी पंचवीस-तीस मंडळी होती. माझे बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतून एक तरुण बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, तत्त्वं सगळी पटतात. पण मुलांना वर्गात गुंतवून कसं ठेवायचं, तेवढं सांगा.”

प्रश्न रास्त होता. मी उत्तर देण्याआधीच आजूबाजूच्यांनी तो उचलला. कोणी म्हणाले, टाळ्यांचा खेळ घ्या. कोणी म्हणाले, बरोबर उत्तराला चांदणी द्या, दहा चांदण्या झाल्या की एक चॉकलेट. एका गृहस्थांनी पडद्यावर चित्रफीत लावण्याचा उपाय सांगितला आणि त्याने वर्ग कसा चिडीचूप बसतो ह्याचे मोठे रसभरित वर्णन केले. त्या बाई सगळे वहीत उतरवून घेत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून असे दिसले की हे सर्व उपाय त्यांनी करून पाहिले असावेत.

गुंतवणे हा शब्द मला पूर्वीपासून थोडा खटकतो. पैसा गुंतवतात, सुताचा गुंता होतो, आणि रडणाऱ्या मुलाला आई खुळखुळ्यात गुंतवते, ते तिला स्वयंपाक उरकता यावा म्हणून. वर्गातल्या मुलांना आपण बहुधा ह्या तिसऱ्या अर्थानेच गुंतवू पाहतो. मुले गप्प राहावीत, धडा पुरा व्हावा, तास संपावा. त्यासाठी पूर्वी छडी होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, हे फारच चांगले झाले; पण छडी गेली आणि तिच्या जागी चॉकलेट आले, एवढ्याने वर्ग पालटला असे मला वाटत नाही. दोन्हींमागची समजूत एकच आहे, की धडा स्वतः बेचव असणार, तेव्हा तो गिळण्यासाठी मुलाला भय किंवा लालूच ह्यांपैकी काहीतरी दिले पाहिजे.

बडोद्याला ह्या प्रश्नाचा इतिहास आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा येथे आला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. ज्या वयात आपण मुलाला ‘आता ह्याचे काही व्हायचे नाही’ असे खुशाल म्हणतो, त्या वयात त्याने मुळाक्षरे गिरवायला घेतली. पुढे सयाजीराव महाराज म्हणून त्यानेच १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सबंध राज्याला लावला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. दंडाच्या धाकाने मूल बाकावर येऊन बसले. त्याचे मनही तेथे आणायचे तर त्याला दंड कोणी कोणाला करावा, हे कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही. ते काम वर्गातल्या मास्तरांवर सोडलेले असते, आणि मास्तरांपाशी त्यासाठी खडू, फळा व पस्तीस-चाळीस मिनिटे एवढीच सामग्री असते. माझे म्हणणे असे की तेवढी पुरते. मात्र त्या मिनिटांचा खर्च आपण फार चुकीच्या ठिकाणी करतो.

मी स्वतः कित्येक वर्षे कसा शिकवीत होतो ते सांगतो. प्रश्न विचारायचा, पुढच्या बाकांवरचे तीन हात वर जायचे, त्यांतल्या एकाला उभे करायचे, बरोबर उत्तर आले की “शाबास” म्हणून पुढे जायचे. वर्गात उत्साह आहे, मुले चटचट उत्तरे देतात, असा माझा समज होता. तपासनीस येत तेव्हा त्यांचाही असाच समज होई. वास्तविक ते संभाषण मी आणि तीन मुले ह्यांच्यातले होते, आणि बाकीचे पस्तीसजण प्रेक्षक होते. प्रेक्षकाने नाटकाकडे पाहायचे की खिडकीबाहेर, हा त्याचा प्रश्न. आम्ही मात्र त्याला “लक्ष नाही” असा शेरा देत होतो.

मेरी बड रो ह्या अमेरिकन विदुषीने १९७० च्या दशकात अगदी साधी गोष्ट मोजली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतो? सरासरी एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आले नाही तर तो प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याला विचारतो, किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतो. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तर काय होते तेही तिने पाहिले. मुलांची उत्तरे लांब झाली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे किती? एक श्वास आत आणि एक बाहेर. परंतु वर्गात तो काळ केवढा लांब वाटतो हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. शिक्षकाला शांततेचे भय वाटते. आपण गप्प झालो की वर्ग हातचा जाईल असे त्याला वाटते.

मराठीत आपण वाट पाहतो आणि गुजरातीत वाट जोतात; दोन्ही भाषांनी थांबण्याला रस्त्याकडे पाहणे म्हटले आहे. कोणीतरी येत आहे अशी खात्री असल्याशिवाय माणूस रस्त्याकडे पाहत उभा राहत नाही. मुलाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या शिक्षकाच्या चेहऱ्यावर ही खात्री दिसते, आणि मुलांना ती फार लवकर ओळखू येते.

ह्यात हिकमत म्हणावी तर एवढीच. प्रश्न आधी विचारावा, मग थांबावे, आणि नाव शेवटी घ्यावे. आपण उलट करतो. “महेश, सांग बरं, बाष्पीभवन म्हणजे काय?” असे म्हटले की महेशचे नाव ऐकताच इतर सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. नाव शेवटी आले तर प्रश्न सर्वांचा राहतो. हात वर करू नका, असेही सांगून पाहावे. नावांच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात घालून त्यांतली एक काढण्याची युक्ती जुनीच आहे; ती चांगली आहे, फक्त चिठ्ठी निघालेल्या मुलाला उत्तर आले नाही तर त्याची शोभा होणार नाही एवढे पाहिले पाहिजे. नाहीतर तो डबा म्हणजे दुसरी छडीच.

सर्वांकडून एकाच वेळी उत्तर घेण्याचे सर्वांत उत्तम साधन आपल्याकडे होते आणि ते आपण टाकून दिले. मी पाटीविषयी बोलतो आहे. पाटी जाऊन वही आली ह्याला आपण प्रगती समजलो. वहीत चूक झाली की ती कायमची राहते, तिच्याभोवती लाल वर्तुळ होते, आणि ती घरी जाऊन वडिलांना दिसते. पाटीवरची चूक अंगठ्याने पुसली जाते. म्हणून पाटीवर मूल धाडस करते. आणि “तीन म्हटल्यावर पाट्या वर” असे सांगितले की चाळीस मुलांनी काय विचार केला आहे ते शिक्षकाला एका नजरेत दिसते. तोंडी उत्तरांत हे कधी दिसत नाही.

एक उदाहरण देतो. पाचवीच्या वर्गात फळ्यावर १/२ + १/४ असे लिहा आणि पाट्या वर करायला सांगा. निम्म्या पाट्यांवर नाही तरी पुष्कळ पाट्यांवर २/६ हे उत्तर दिसेल. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. मुलाने काही आळस केलेला नाही, त्याला जे बेरजेचे ज्ञान आहे ते त्याने इमानाने लावले आहे. येथे बहुतेक शिक्षक “चूक” म्हणतात आणि छेद समान करण्याची रीत फळ्यावर मांडतात. मुले ती उतरवून घेतात, परीक्षेपर्यंत सांभाळतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा २/६ लिहितात.

चूक म्हणू नये. फळ्यावर २/६ लिहावे आणि शेजारी त्याचे सोपे रूप १/३ मुलांकडूनच काढून घ्यावे. मग विचारावे, “माझ्या ताटात अर्धी भाकरी होती. आईनं त्यात आणखी पाव भाकरी वाढली. आता माझ्या ताटात भाकरीचा तिसरा हिस्सा आहे. अर्ध्याहून कमी! आईनं वाढली आणि भाकरी कमी झाली. कशी काय?” आणि थांबावे. पहिली काही क्षण शांतता. मग एक हसतो. मग वर्गात जी खळबळ उडते तिला आवर घालावा लागतो. ज्याने २/६ लिहिले होते तोच सर्वांत मोठ्याने भांडत असतो. त्या क्षणी मुले ‘गुंतलेली’ आहेत की नाहीत हे कोणाला विचारण्याची जरूर पडत नाही. कोणतीही चांदणी द्यावी लागलेली नसते.

आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी सारे तोंडपाठ होते आणि ते आम्हाला त्याबद्दल ऐकवीत असत. पाठांतराला मी नावे ठेवणार नाही, बाजारात त्याचा उपयोग होई. पण भाकरी कमी कशी झाली, हा प्रश्न पाऊणकी म्हणणाऱ्याला सुचत नाही.

चांदण्यांबद्दल एक माहिती येथेच देऊन टाकतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघांनी अमेरिकेतल्या एका बालशाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढायला मनापासून आवडणाऱ्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगितले की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल, आणि ते दिले. पुढे काही दिवसांनी पाहिले तर ही मुले आपणहून चित्राकडे पूर्वीपेक्षा कमी वळत होती. ज्यांना काही कबूल केले नव्हते त्यांची आवड तशीच होती. बक्षिसाने आळशी मूल एखादे वेळी हलते, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याला गोडी आहे त्याची गोडी आपण त्याच बक्षिसाने विकत घेऊन संपवतो, ह्याचा विचार शाळांनी करावा.

आता ह्यावर हमखास येणारा आक्षेप. “साहेब, तुमच्या वर्गात चाळीस होती, आमच्या वर्गात साठ आहेत. अभ्यासक्रम पुरा कोण करणार?” हा आक्षेप खोटा नाही. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे. ते जेथे पाळले जात नाही तेथे त्याबद्दल शाळाचालकांना जाब विचारला पाहिजे, शिक्षकाला नव्हे. शिवाय जनगणना, निवडणुका आणि निरनिराळे तक्ते भरणे ही कामे शिक्षकाच्या गळ्यात असतात. पण साठ मुले आहेत म्हणून तर पाटी हवी. साठ मुलांच्या वर्गात एकेकाला उभे करून विचारणे हीच खरी वेळेची उधळपट्टी आहे. आणि अभ्यासक्रम पुरा केला म्हणजे कोणी पुरा केला? बहुतेक वेळी शिक्षकाने.

लहान मुलांच्या बाबतीत एक वाट फार पूर्वी आखून झाली आहे, आणि ती आखणाऱ्यांपैकी एक गुजराती होते व एक मराठी, हे बडोद्याच्या वाचकाला सांगायला मला विशेष आवडते. गिजुभाई बधेका हे वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मुलांनी व लोकांनी त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असे नाव दिले. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर कामाला लागल्या; १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि शिक्षणपत्रिका गुजरातीत गिजुभाई चालवीत तर मराठीत ताराबाई.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे १९३२ साली निघालेले छोटे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. त्यात एक शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. मला त्या पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक प्रकरण पहिल्या दिवसाचे वाटते. शिक्षक मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि त्याचा पुरता फज्जा उडतो. मुले ओरडतात, थट्टा करतात, आणि त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि मुले सरकत सरकत जवळ येतात. नव्या पद्धतीचा पहिला दिवस फसतो, हे गिजुभाईंसारख्याने छापून ठेवले आहे. आमचे लोक एक दिवस करून पाहतात आणि “आमच्या मुलांना हे चालत नाही” असा निकाल देतात.

गोष्ट सांगण्याचे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण बहुतेकजण ती शेवटपर्यंत सांगून टाकतात आणि मग तात्पर्य विचारतात. तात्पर्य विचारल्याने गोष्ट मरते. तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्ट अर्ध्यावर सोडून द्यावी आणि पुढे काय झाले असेल ते शेजारच्याला सांगायला लावावे. मग एकदोघांच्या कल्पना फळ्यावर लिहाव्यात. ज्या मुलाला निबंधाची एक ओळ सुचत नाही तो येथे पाच वाक्ये बोलून जातो, आणि त्याने बोललेली वाक्ये त्यालाच वाचायला दिली तर ती तो अडखळतही वाचतो, कारण ती त्याची असतात.

ताराबाईंचे पुढचे काम ह्याहून कठीण. बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे अनुताई वाघांच्या साथीने त्या आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या तेव्हा असे दिसले की मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे चारायला जातात. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द तेव्हापासूनचा. गारगोट्या, पाने, बिया हे त्यांचे अंकगणिताचे साहित्य. मूल आहे तेथे जायचे, एवढाच त्यातला मुद्दा. आपल्याला आता रानात जावे लागत नाही. मूल आपल्यासमोर बाकावरच आहे, पण ते असते कोठे, हे पाहण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

बडोद्याच्या मराठी घरातले मूल कोठे असते? ते दोन भाषांच्या मध्ये असते, आणि इंग्रजी धरली तर तीन. दांडियाबाजारातल्या घरात आजीशी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत तिसरेच काही. आपण शिक्षक ह्याला भाषेची खिचडी म्हणतो आणि ती सुधारत बसतो. एकदा सहावीतल्या एका मुलीला मी काही काम सांगण्यासाठी विचारले, “तुला वेळ आहे का?” ती चटकन म्हणाली, “हो सर, मी नवरीच आहे.” वर्गातली मराठी मुले खो खो हसू लागली आणि गुजराती मुलांना हसण्यासारखे काय झाले ते कळेना. गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. मुलगी रडवेली झाली.

त्या दिवशीचा धडा मी बाजूला ठेवला, आणि त्याचे श्रेय मला नाही, त्या मुलीच्या डोळ्यांतल्या पाण्याला आहे. फळ्यावर दोन रकाने काढले आणि असे आणखी शब्द शोधा म्हणून सांगितले. ‘वार्ता’ आले: मराठीत बातमी, गुजरातीत गोष्ट. ‘चोपडी’ आले. कोणीतरी ‘केळवणी’ आणले, गुजरातीत शिक्षण. आणि एका मराठी मुलाने त्याचे नाते लग्नाआधीच्या केळवणाशी लावले. पुढचे आठ दिवस मुले घरून शब्द आणीत होती. आज्या आणि आजोबा कामाला लागले. गुजराती मुले मराठी मुलांना विचारू लागली, मराठी मुले त्यांना. त्या मुलीला मी यादीची प्रमुख केले. पाठ्यपुस्तकातला ‘समोच्चारित शब्द’ हा धडा त्यानंतर मला शिकवावा लागला नाही. मराठी टिकली पाहिजे म्हणून आपण येथे सभा घेतो. मुलाच्या तोंडची अर्धी-मुर्धी मराठी ऐकून हसण्याऐवजी ती फळ्यावर घेतली तर बरेच काम आपोआप होईल असे माझे नम्र मत आहे.

सहावीपासूनच्या मुलांची अडचण वेगळी असते. त्यांना कंटाळा येतो असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा त्यांना भीती वाटत असते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला शिक्षकाच्या रागापेक्षा सोबत्यांच्या हसण्याचे भय अधिक. म्हणून ते गप्प बसते, आणि गप्प बसण्याला ऐट आणते. अशा वर्गात एकदम सर्वांसमोर बोलायला लावू नये. आधी प्रत्येकाने मनाशी विचार करावा, मग शेजाऱ्याशी कुजबुजावे, आणि मग कोणीतरी “आम्हाला असं वाटतं” म्हणून सांगावे. फ्रँक लायमन नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने ही तीन पायऱ्यांची रीत १९८१ साली मांडली. ‘मला’च्या जागी ‘आम्हाला’ आले की चुकीचे ओझे दोघांत वाटले जाते. गोंगाट होतो, हे खरे. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन पाहून जातात. त्यांना नमस्कार करावा आणि चालू द्यावे.

शेवटी मला ज्या गोष्टीची अजून रुखरुख वाटते ती सांगतो. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली तो मासा महीच्या मुखाशी वाहून आला होता. लांबी सुमारे ७० फूट, आणि तरीही तो पूर्ण वाढलेला नव्हता. शाळांच्या सहली तेथे जातात, मुले दोन मिनिटे वर पाहतात आणि पुढे पळतात. मी एका वर्षी सातवीच्या वर्गाला सहलीनंतर विचारले, “तो मासा आपल्या शाळेच्या अंगणात मावेल का?” अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. मी उत्तर दिले नाही, मलाही ते ठाऊक नव्हते. सुतळी आणली, ७० फूट मोजली, अंगणात एका भिंतीपासून सोडली. सुतळी फाटकातून बाहेर गेली आणि देवमाशाची शेपटी रस्त्यापलीकडच्या पानवाल्यापाशी पोचली. मग मुले एकामागे एक जमिनीवर आडवी झाली. माशाच्या लांबीत पंधरा मावली आणि सोळाव्याचे पाय बाहेर राहिले.

तेव्हा मुलांनीच काढले की अंगण केवढे आहे ते मोजून त्याचा नकाशा करू. मोजमापे घेतली, कागदावर काटकोन चौकोन काढायला घेतला, तर बाजू जुळेनात. मी मापे चुकली म्हणून पुन्हा मोजायला लावली. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात माझ्याशी चार शब्द बोलला नव्हता, पुढे आला. त्याने सुतळी घेतली, कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन हात खूण केली, दुसऱ्या भिंतीवर चार हात, आणि दोन खुणांमध्ये सुतळी ताणून मापली. ती पाच हातांना वीतभर कमी भरली. “सर, कोपराच गुण्यात नाही,” तो म्हणाला. “माप बरोबर आहे. भिंत चुकलीय.”

त्याचे वडील गवंडी होते. सुट्टीत तो त्यांच्या हाताखाली ओळंबा, गुण्या घेऊन कामाला जाई. जो पायथागोरसचा सिद्धान्त मी त्या वर्गाला पुढे शिकवणार होतो तो त्याच्या हातात तयार होता. आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात पहिल्या सत्रात मी माझ्या अक्षरात लिहिले होते: ‘लक्ष देत नाही.’ त्याने लक्ष द्यावे असे मी त्याला काय विचारले होते, ते मला आठवत नाही. उरलेले वर्ष तो पुष्कळ बोलला. आठवीनंतर तो शाळेत दिसला नाही. कामावर गेला असे कळले. ती सुतळी वर्षाच्या अखेरीस निघण्याऐवजी आरंभी निघाली असती तर तो राहिला असता, असे मी म्हणणार नाही. पण मला तसे वाटते.

शिबिरातल्या त्या बाईंना मी एवढे सर्व सांगू शकलो नाही, वेळ नव्हता. एवढेच म्हणालो की उद्या एकच करा. एक खरा प्रश्न विचारा आणि मनात सातपर्यंत मोजा. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. चौथीच्या वर्गात त्यांनी विचारले होते की पुरात विश्वामित्रीतल्या मगरी नदी सोडून लोकांच्या सोसायटीत का येतात. आणि त्या मोजीत उभ्या राहिल्या. वर्ग एकदम शांत. पाचाला पोचल्या तेव्हा पहिल्या बाकावरची एक चिमुरडी हळूच म्हणाली, “बाई, तुम्हाला उत्तर येत नाही का?”

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारले.

“मी म्हटलं, नाही येत. सर, त्याबरोबर एवढे सगळे एकदम बोलायला लागले की माझे पुढचे दोन अंक मोजायचेच राहिले.”